दिल्लीत साड्या वाळत नाहीत

देवरूख

दिल्लीला जाताना कपडे काय न्यावेत, हे मी देवरूखात कुणालाही विचारलं नव्हतं. तरी उत्तरं घरपोच आली. आमच्या आळीत थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पंखा बंद करावा लागतो इतपतच, त्यामुळे थंडीवर बोलायची संधी कुणी सोडत नाही. एकीने भावाचा काश्मीर सहलीतला कोट आणून दिला, तो माझ्या घोट्यापर्यंत आला. दुसरीने माकडटोपी आणली. शेजारच्या वसंतीने तर दिल्लीत जानेवारीत अंघोळच करायची नसते, असं अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. मी सगळ्यांना चहा पाजला आणि ज्याचं त्याला परत केलं.

माझं ठरलं होतं. बॅग एकच न्यायची, आणि तीही मला एकटीला उचलता येईल अशी.

याला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात मी मागल्या दारी कपडे धुण्याच्या दगडावरून घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले, डाव्या हाताने पेज शिजवली आणि खाल्ली. मुलाला, शिरीषला, कळवलं नाही. दिल्लीहून तो काय फुंकर घालणार होता? त्याला ते चार दिवसांनी वसंतीकडून कळलं, आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद सुरू झालं: आई, घर बंद कर आणि कायमची दिल्लीला ये. शिरीष केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, लक्ष्मीबाई नगरात त्याला क्वार्टर आहे, बायको मेधा पुण्याची, मुलगी ओवी सहावीत. माणसं चांगली आहेत. पण मी सगळी नोकरी पंचायत समितीच्या कचेरीत केली, शिरीषचे वडील गेल्यावर एकटीने राहायला शिकले, आणि आता मला कुणीतरी उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवावं, हे मला मुळीच मान्य नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "निदान जानेवारीत पंधरा दिवस येऊन तर बघ. मग पुढचं ठरवू." त्याच्या त्या पुढच्यात माझ्या घराला लागलेलं कुलूप मला स्पष्ट दिसलं. मी हो म्हटलं आणि आधी परतीचं तिकीट काढलं.

एकाच बॅगेचा हट्ट त्यातूनच आला. दिल्लीत घेतलेला स्वेटर देवरूखात कोण घालणार? म्हणजे तो दिल्लीतच राहणार. आणि जिथे आपले कपडे राहतात तिथेच आपण राहतो, असं लोक धरून चालतात. आज दोन स्वेटर, उद्या एक कोट, परवा त्यांच्यासाठी कपाट. म्हणून मी मनाशी पक्कं केलं की नेलेलं सगळं परत आणायचं आणि तिथे एक रुमालही मागे ठेवायचा नाही.

मेधाने फोनवर हवामान सांगितलं होतं. सकाळी धुकं, दुपारी कधी ऊन, मधेच गार वारा आणि एखादवेळी पाऊससुद्धा. यातला पाऊस तेवढा माझ्या ओळखीचा. पावसात काय घालावं हे कोकणातल्या बाईला कुणी शिकवायला जाऊ नये. मी पावसाळ्यातल्या नायलॉनच्या साड्या काढल्या, चार बॅगेत आणि एक अंगावर. भिजल्या तरी झटकल्या की वाळतात, घडी केली की मुठीत मावतात. पावसाळी चपला घेतल्या, दांड्याची पुरुषी छत्री घेतली आणि प्रत्येक साडी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली. लोकरीचा म्हणून ह्यांचा एक राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर होता, तोच काय तो घेतला. उरलेल्या जागेत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाचे तळलेले गरे बसवले. बॅग उचलून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि वसंतीकडे घराची चावी दिली.

निजामुद्दीन

रत्नागिरीहून थेट गाडी आहे. तिच्यात काय झालं ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांच्या गाडीत होतं तेच. मात्र शेवटच्या सकाळी डब्यातल्या बायकांनी एकेक करून मोजे, स्वेटर, शाली चढवायला सुरुवात केली आणि मी खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर काही दिसतच नव्हतं.

फलाटावर उतरले आणि माझी चूक मला कळली. नायलॉन पावसाला चांगलं, थंडीला नव्हे. साडी अंगाला लागली ती फ्रीजमधून काढल्यासारखी. धुक्यातून शिरीष आला. त्याच्या दंडावर माझ्यासाठी आणलेलं जाडजूड जाकीट होतं.

"आई, हे घाल आधी."

"कशाला? मला नाही थंडी वाजत."

"तुझे दात वाजतायत."

"ते बोलतेय म्हणून."

त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. जिन्यावर एक पायरी चुकली तेव्हा मात्र त्याने बॅगेचा दुसरा बंद धरला, आणि आम्ही दोघं ती मधे धरून गाडीपर्यंत गेलो. वाटेत रस्त्याच्या कडेला माणसं पुठ्ठे जाळून त्याभोवती उकिडवी बसली होती. भटक्या कुत्र्यांच्या अंगावर कुणीतरी गोणपाटाचे तुकडे बांधले होते. शहर कुत्र्यांनाही कपडे घालतं, हे मला आवडलं, पण शिरीषला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाकीट पुन्हा पुढे आलं असतं.

लक्ष्मीबाई नगर

या वसाहतीत सगळ्या राज्यांतले अधिकारी राहतात. जिन्यात एका दारातून सांबाराचा वास येतो, दुसऱ्यातून मोहरीच्या तेलात तळलेल्या मासळीचा. दाराबाहेर सगळे हिंदी बोलतात आणि दार लागलं की आपापल्या भाषेत भांडतात. आमच्या घरात मात्र दार लागल्यावरही निम्मं हिंदीच होतं. ओवीला चुलत म्हणजे काय ते सांगावं लागलं आणि फडताळ हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता.

मला मागची खोली दिली. तिथे एक लोखंडी कपाट पुसून, आत वर्तमानपत्र अंथरून तयार ठेवलं होतं. एका कप्प्यात तीन नवे स्वेटर, एक शाल, अंगठा वेगळा असलेले पायमोजे. बाकीचे कप्पे रिकामे.

"आई, तुमच्यासाठी आणलंय," मेधा म्हणाली. "रंग आवडला नाही तर बदलून देतो दुकानदार, बिल्कुल काही बोलत नाही."

मेधा माझ्याशी कधीच वाकडं वागलेली नाही. तिच्या तोंडावर नाही म्हणायला मला जड गेलं. पण त्या रिकाम्या कप्प्यांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात ते मोजले. पंधरा दिवसांच्या पाहुणीला कुणी एवढे कप्पे देत नाही. मी "छान आहेत हो" म्हणून कपाट लावलं आणि माझी बॅग पलंगाखाली सरकवली. त्यानंतर रोज वाकून, बॅग बाहेर ओढून, तिच्यातूनच कपडे काढत होते.

नायलॉनने आणखी एक प्रताप केला. तिथल्या कोरड्या हवेत, रजईत साडी घासली की तडतड आवाज यायचा. दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी. पहिल्याच दिवशी ओवी मला मिठी मारायला आली आणि किंचाळून मागे सरली.

"पप्पा, आजीला करंट आहे यार."

मग तो खेळच झाला. शाळेतून आली की ती एक बोट लांबून माझ्या दंडाला लावायची आणि खिदळत पळायची. ह्यांचा स्वेटर मी आतून घालायची, वर पदर घट्ट लपेटायची आणि कुणी विचारलं की गरम होतंय म्हणायची.

खाण्याच्या बाबतीत मात्र माझं काही भांडण नव्हतं. तिथली गाजरं लालभडक असतात आणि त्यांच्या हलव्याला साखर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. मेधा मुळ्याचे पराठे करायची, वर पांढरं लोणी. मी एक दिवस कुळथाचं पिठलं केलं. शिरीष तीनदा भात घेऊन जेवला आणि त्याने ताट बोटाने पुसून काढलं. तेवढ्यापुरता तो माझा जुना शिरीष झाला होता, आणि मला वाटलं की हा समजून घेईल.

करोल बाग

शनिवारी मेधाने मला करोल बागेत नेलं. निमित्त ओवीच्या बुटांचं, पण मला उद्देश कळत होता. दोन मेट्रो बदलून आम्ही बाजारात पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांचे ढीग, हँगरवर कोट, आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून हाका मारणारे विक्रेते. एकाने मला पाहिलं आणि सरळ कोटच उलगडला.

"माताजी, ये देखिए, साड़ी के ऊपर का है. पूरी दिल्ली की मम्मियाँ यही ले जाती हैं."

"हमको नहीं चाहिए. हम वापस जानेवाला है," मी म्हटलं.

"तो वापस पहन के जाइए."

त्याला माझ्या हिंदीत काय उत्तर द्यावं हे सुचेपर्यंत आभाळ काळं झालं आणि पाऊस आला. सगळा बाजार छपराखाली पळाला. हातगाड्यांवर प्लास्टिकं ओढली गेली, कोटवाल्याने ढीगच्या ढीग आत फेकले. माणसं डोक्यावर पिशव्या धरून उभी होती. त्या एवढ्या मोठ्या बाजारात छत्री होती ती एकट्या माझ्याकडे. मी ती उघडली, एका बगलेत मेधा घेतली, दुसऱ्या बगलेत ओवी, आणि पावसाळी चपलांनी फटाफट पाणी उडवत मेट्रोकडे निघाले. लोक आमच्याकडे बघत होते. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी रस्त्यातच शिरीषला फोन लावणार होते.

मेट्रोत बसल्यावर तो आनंद उतरला. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आमचा पाऊस कितीही पडला तरी अंगाला कोमट लागतो, हा हाडात शिरत होता. मी पाय जवळ घेतले, हाताची घडी घातली, तरी अंग ऐकेना.

"आजी, तू हलतेयस," ओवी म्हणाली.

"मेट्रो हलतेय."

मेधाने काही न विचारता स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि पुन्हा फोनमध्ये पाहू लागली. मी ती घर येईपर्यंत परत केली नाही.

न वाळलेले दिवस

अंघोळ झाली की अंगावरची साडी आपल्या हाताने धुऊन दोरीवर टाकायची, ही मला लहानपणापासूनची सवय. मेधाने वॉशिंग मशीन दाखवलं होतं. मी म्हटलं, माझी साडी मी धुते. देवरूखात भर आषाढातही नायलॉन दुपारपर्यंत वाळतं, कारण वारा असतो. लक्ष्मीबाई नगरच्या बाल्कनीत त्या शनिवारनंतर ना ऊन होतं ना वारा, नुसतं धुकं. रविवारची साडी सोमवारी ओली होती. सोमवारची तिच्या शेजारी गेली. परकर तर पिळून पिळून माझे हात दुखले. मला वाटायचं, आज नाही तर उद्या वाळतील. एकदा एक साडी गरम हवेच्या ब्लोअरसमोर खुर्चीवर पसरली, तर काठ आक्रसून जळका वास सुटला आणि मेधाने धावत येऊन बटण बंद केलं.

मग एका सकाळी अंघोळ करून बॅग ओढली तर आत रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या. पाचही साड्या बाल्कनीत लोंबत होत्या. मी चादर गुंडाळून, वर रजई घेऊन पलंगावर बसले. शिरीष ऑफिसला निघताना डोकावला.

"आई, मेधाची साडी नेस ना."

"तिच्याकडे तीन साड्या आहेत, तिन्ही लग्नातल्या. आणि ब्लाउज माझ्या एका हातात अडकेल."

तो हसला. मला हसू येत नव्हतं. एकटी राहू शकते हे दाखवायला आले होते आणि माझ्याकडे नेसायला वस्त्र नव्हतं. "राहू दे, मी बघतो काहीतरी," असं म्हणून तो गेला. मी त्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दुपारी बेल वाजली. समोरच्या घरातल्या बिमलाजी होत्या. मुलगा हिमाचलमधला अधिकारी, या त्याच्या आई, माझ्याच वयाच्या. जिन्यात दोनदा नमस्कार झाला होता. मी रजईसकट दार उघडलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ बाल्कनीत गेल्या.

"बहनजी, मैं रोज़ खिड़की से देखती हूँ. आप कपड़े सुखाती नहीं हैं, भिगोती हैं. कोहरे में रात भर बाहर कौन छोड़ता है?"

त्यांनीच साड्या आत घेतल्या. मग घरी जाऊन एक गाठोडं घेऊन आल्या. आत सुती बनियन, पातळ लोकरीचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा, सलवार, कमीज आणि वरून घालायचं जाकीट.

"मोटा एक नहीं पहनते, पतले चार पहनते हैं. धूप निकली तो एक उतारो. बारिश हुई तो ऊपर का बदलो, अंदर का सूखा रहता है."

"ये हम रखेगा नहीं. वापस देगा," मी आधीच सांगून टाकलं.

"अरे, तो वापस दे देना. कौन दे रहा है आपको."

एकोणसत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा सलवार घातली. नाडी कुठल्या बाजूला येते हे कळेना. पण अंगात ऊब आली, पाय मोकळे झाले, आणि खोलीतल्या खोलीत चालताना कुठेच काही अडकलं नाही. आमच्या आळीने मला असं पाहिलं असतं तर महिनाभर पुरला असता तो विषय. पुरू दे, असं मला वाटलं.

लोदी बाग

दुसऱ्या दिवशी फिकट ऊन पडलं. मी नवा वेष करून बिमलाजींकडे गेले आणि लोदी बाग कुठे आहे ते विचारलं. त्या इथे बरीच वर्षं आहेत, पण त्यांनी ती बाग बघितली नव्हती.

"बेटा कहता है, संडे को ले जाऊँगा."

"आज क्या वार है?"

"शुक्रवार."

"तो शुक्रवार को जाएँगे."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग आत गेल्या. बराच वेळ झाला तेव्हा मला वाटलं, बेत रद्द केला. बाहेर आल्या त्या पट्टू नेसून. पट्टू म्हणजे कुल्लूकडच्या बायका नेसतात ते लोकरीचं जाड वस्त्र, काठाला रंगीत नक्षी. अंगाभोवती लपेटून दोन्ही खांद्यांवर चांदीच्या टाचण्या लावतात. म्हणजे डोंगरातल्या बायकाही आमच्यासारखं न शिवलेलंच नेसतात, हे पाहून मला फार बरं वाटलं. त्यांनी ते दिल्लीत कधी बाहेर काढलंच नव्हतं.

रिक्षा करून गेलो. घरी कुणाला सांगितलं नाही. बागेत पाऊस पडून गेल्यावरची हिरवळ, तिच्यावर धुकं, आणि धुक्यात काळपट दगडांचे जुने घुमट. पोपटांचे थवे या घुमटावरून त्या घुमटावर जात होते. फिरायला आणलेल्या कुत्र्यांच्या अंगात विणलेले स्वेटर होते आणि दोन मुली चक्क बिमलाजींना थांबवून पट्टूचा फोटो काढून गेल्या. फाटकाबाहेरून आम्ही शकरकंदी घेतली. आमच्याकडे रताळं म्हणजे उपासाचं, गुळाबरोबर किंवा किसात. इथे ते निखाऱ्यावर भाजून, लिंबू पिळून, वर तिखट मसाला घालून खातात. बोटं भाजत, नाक पुसत आम्ही बाकावर बसून खाल्लं.

खाऊन झाल्यावर मी त्यांना माझी सगळी हकीकत सांगितली. दगडावरून घसरणं, एक बॅग, रिकामं कपाट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मैं भी एक सर्दी के लिए आई थी. एक झोला था मेरे पास."

"मग?"

"गर्मी आई तो बेटे ने कहा, बच्चों के इम्तिहान हैं, बाद में जाना. बाद में कहा, रास्ता खराब है. फिर एक दिन ट्रक से मेरा संदूक आ गया. किसी ने कुछ नहीं कहा. मैंने खोला तो अंदर मेरे सारे कपड़े थे, तह किए हुए. पर वो मेरी तह नहीं थी. किसी और ने की थी. तब समझ गई कि मकान गया."

तह म्हणजे घडी, आणि बाईला आपली घडी ओळखू येते. मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांच्या मुलालाही आईची काळजीच असेल, त्यात मला शंका नाही. पण त्या बाकावर मला त्या काळजीचा मनापासून राग आला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. देवरूखहून वसंती.

"सुमनताई, काल शिरीषचा फोन आलेला. म्हणाला आईच्या साड्या कुरिअरने पाठवा, तिथे कमी पडतायत. मी आता तुमच्या घरात उभी आहे. किती पाठवू? सगळ्या की निम्म्या?"

मी बाकावरून उठले. "कपाट उघडलंस?"

"उघडतेय."

"उघडू नकोस. एकही साडी घराबाहेर जायची नाही. बाहेर पड, कुलूप लाव आणि चावी तुझ्याकडे ठेव. शिरीष काही म्हणाला तर माझं नाव सांग."

जेवणाचं टेबल

संध्याकाळी शिरीष आला तेव्हा मी सलवार-कमीजमध्ये पोळ्या लाटत होते. त्याने आधी मला पाहून डोळे चोळले. मी त्याला जेवू दिलं. भरल्या पोटाचा माणूस नीट ऐकतो.

"माझ्या साड्या मागवल्यास?"

"हो. अगं, तुला नेसायला काही नव्हतं, म्हणून. त्यात काय एवढं?"

"आणि आल्या की?"

"की काय? नेस."

"आणि मी परत जाताना? माझी बॅग एकच आहे."

"मग राहू देत ना इथे, कपाट आहेच की. पुढे लागतीलच..." आणि तो थांबला. स्वतःचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं.

"तेच," मी म्हटलं. "पुढे लागतील, हे तू ठरवलंस. मला विचारलं नाहीस."

"आई, तू पडलीस तेव्हा तू मला विचारलंस? सांगितलंस तरी?" त्याचा आवाज चढला आणि मग फाटला. "मी मीटिंगमध्ये होतो. वसंतीकाकू म्हणाल्या, आता बरं आहे हो त्यांचं मनगट. मला काही कळेचना, कसलं मनगट. चार दिवस तू एकटी, एका हाताने, आणि मी इथे मजेत जेवतोय. कसं वाटलं असेल मला?"

हे त्याने आधी कधीच बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं, याला माझी अडचण वाटते. त्याला भीती वाटत होती. तरी मी मागे सरकले नाही.

"पुढच्या वेळी पडले तर पहिला फोन तुला. तो दगड टाकी मारून खरखरीत करून घेते, नळापाशी धरायला दांडी बसवते. रोज सकाळी चहा झाला की तुला मेसेज करीन. एवढं तुझं मी ऐकलं. आता माझं ऐक. माझी एक साडीसुद्धा देवरूखातून हलणार नाही."

"आणि एवढं करूनही पडलीस तर?"

"तर पडेन. इथे नाही का पडणार? तुझ्या बाथरूमच्या फरशीवर मी या आठवड्यात दोनदा भिंत धरली आहे."

ओवी फसकन हसली. मेधाने तिच्याकडे डोळे वटारले आणि मग शिरीषकडे वळली. "शिरीष, माझं माहेरचं सामान असं कुणी न विचारता इथे मागवलं असतं ना, तर मी तर त्याला दार नसतं उघडलं. आईंनी निदान पोळ्या केल्या."

शिरीषने ताट बाजूला सारलं. मग उठून त्याने स्वतः वसंतीला फोन लावला आणि साड्या पाठवू नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो सरळ आपल्या खोलीत गेला. मीही समजूत घालायला गेले नाही.

परत

राहिलेले दिवस ऊन-धुकं, ऊन-धुकं असेच गेले. साड्या वाळल्या, कारण आता मी त्या संध्याकाळी आत घ्यायची. निघायच्या आदल्या दिवशी कपाटातली शाल मेधालाच दिली, पायमोजे तेवढे पायात ठेवले आणि तीनही स्वेटर ओवीच्या मापाचे बदलून आणायला सांगितले. तिने आग्रह केला नाही. कपाटात ओवीने लगेच आपले खेळाचे बूट आणि रॅकेट भरून टाकली.

बिमलाजींचं गाठोडं परत द्यायला गेले तर त्या घेईनात. "पहन के जाओ. रास्ते में ठंड है. जो बदन पर है वो बैग में थोड़े गिना जाता है."

मी त्यांना माझी आमसुली रंगाची साडी दिली आणि देवरूखचा पत्ता पाठ करून घेतला. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांनी मुलाला कळवून टाकलंय, वैशाखात त्या कुल्लूला जाणार. भावाच्या घरी राहणार.

"मकान नहीं है तो क्या हुआ," त्या म्हणाल्या. "गाँव तो वहीं है."

स्टेशनवर पुन्हा धुकं होतं. मी कमीज, जाकीट, पायमोजे अशी जय्यत तयार होते आणि या वेळी दात वाजत नव्हते. शिरीषने बॅग मागितली तेव्हा मी दिली. त्याने ती सीटखाली सरकवली, पाण्याची बाटली ठेवली, समोरच्या बाईला उगाचच माझं स्टेशन रत्नागिरी म्हणून सांगितलं. गाडी सुटायला थोडा वेळ होता. तो माझ्या शेजारी बसला.

"जूनमध्ये येतो मी," तो म्हणाला. "पावसात तुझं कसं चालतं ते नीट बघतो. मग ठरवू."

"बघायला जरूर ये," मी म्हटलं. "ठरवायला येऊ नकोस."

शिट्टी झाली तसा तो उठला, वाकून माझ्या पाया पडला, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून म्हणाला, "बरं."